मापात न बसलेलं घर

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, ज्यांच्या मोजपट्टीपुढे आमच्या डोंगरांनीसुद्धा मान खाली घातली ते आदरणीय निवृत्त भूमापकसाहेब; प्रमुख पाहुणे आणि आपले घरमालक, ज्यांच्या भट्टीच्या उबेवर आपलं सगळं गाव वाळलं ते खालच्या मजल्यावरचे बेकरीवाले काका; व्यासपीठाच्या कडेला बसून मघापासून घड्याळाकडे बघणारा माझा भाचा; आजची सत्कारमूर्ती, म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण आणि तुम्हा सगळ्यांची ताई; आणि समोर बसलेले छोट्या रेल्वेचे सर्व वेडे, तसेच ते वेड वर्षानुवर्षं मुकाट्याने सोसणारी त्यांची घरची मंडळी,

‘मला भाषण येत नाही’ असं म्हणून लोक तासभर बोलतात, हे आपण पाहिलेलं आहे. मी तसं म्हणणार नाही. मला बोलता येतं. आज फक्त शेवटपर्यंत पोचेन की नाही, एवढीच शंका आहे. मध्ये थांबलो तर वीज गेली असं समजा आणि जरा धीर धरा.

जे आज पहिल्यांदाच हा जिना चढून वर आले त्यांच्यासाठी दोन शब्द. या खोलीच्या तीन भिंतींना लागून हे जे लांबलचक टेबल आहे आणि त्यावर जे गाव वसलंय, ते आमचं मंडळ. स्टेशन आहे, धान्याचं गोदाम आहे, शाळा आहे, एक नदी आहे जी खरं तर वॉर्निशचे थर आहेत, आणि डोंगर आहेत. दुरून डोंगर साजरे म्हणतात. आमचे जवळूनही साजरे आहेत, फक्त त्यांना टेकू नका, आतून पोकळ आहेत. मागच्या वर्षी एक पाहुणे टेकले आणि कोपरापर्यंत डोंगरात गेले.

तर या मंडळात दोन पंथ. रूळवाले आणि घरवाले. रूळवाल्यांचं म्हणणं, गाडी आहे म्हणून गाव आहे. घरवाल्यांचं म्हणणं, गाव आहे म्हणून गाडी थांबते. मी रूळवाला. आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या, लोकांना वर-खाली केलं, म्हटलं निवृत्त झाल्यावर जरा आडवं जाऊन बघू. रूळ अंथरायचे, सांधे जुळवायचे, तारा ओढायच्या, हे माझं खातं. आणि घरवाल्यांची पुढारी ताई. पुढारी म्हणतो खरा, पण घरवाले म्हणजे ती एकटीच. पुढारीही तीच, अनुयायीही तीच आणि विरोधी पक्षही तीच.

आज ताईचा निरोप आहे. तिचे डोळे थकले. म्हणजे नेमकं काय झालंय ते तिनेच मला एकदा सांगितलं. ‘धाकट्या, कडेचं दिसतं रे, मधलं दिसत नाही. जिथे बघते तेच नेमकं जातं. मला आता गावातल्या गल्ल्या दिसतात, घरं दिसत नाहीत.’ म्हणून ती आता मुलाकडे राहायला चालली आहे, आणि ते योग्यच आहे. भाचा कर्तबगार आहे, सूनबाई गुणी आहे, तक्रारीला जागा नाही. मी बरेच दिवस जागा शोधत होतो, मिळाली नाही.

पण आज आणखी एका गोष्टीचा निरोप व्हायचा होता. टेबलाच्या पुढच्या काठावर, फाटकाशेजारी ते जे एकटं घर आहे ना, बाकीच्यांपेक्षा थोराड दिसणारं, ते घर ताईबरोबर जाणार की इथे राहणार, हा प्रश्न गेले कित्येक दिवस माझ्या घशात अडकला होता. तुम्ही म्हणाल, पुठ्ठ्याचं आणि प्लास्टरचं एक घर, त्यात घशात काय अडकायचं? तेच सांगायला उभा आहे. अध्यक्ष महाशयांनी मला थोडक्यात बोला म्हणून सांगितलंय. थोडक्यात म्हणजे किती, हे त्यांनी मोजून दिलेलं नाही, ही त्यांच्या हातून झालेली पहिलीच चूक.

ताईचा मूळ धंदा कवळ्या बनवायचा. दाताच्या डॉक्टरांकडून ठसे यायचे आणि ताई त्यावरून दात घडवायची. आपल्या सभागृहात आज जे लोक दिलखुलास हसताहेत, त्यांच्यातल्या काहींचं हसू माझ्या बहिणीच्या हातचं आहे. नावं सांगत नाही, त्यांनी तोंड मिटलंच आहे. तर तेच प्लास्टर, त्याच बारीक कानशी, तेच ब्रश घेऊन ती या गावात आली. आणि दातांकडून एक गोष्ट बरोबर घेऊन आली. ती म्हणायची, ‘नवाकोरा, पांढराशुभ्र दात कुणी खरा मानत नाही. थोडा पिवळेपणा द्यावा लागतो, एखादा जरासा वाकडा बसवावा लागतो. तेव्हा नवरासुद्धा ओळखत नाही.’

घरांचंही तिने तेच केलं. घर पाहावं बांधून, असं आपण म्हणतो. ताई म्हणायची, बांधून काय बघायचंय, राहून बघावं. नवीन घर तयार झालं की आम्ही रूळवाले म्हणायचो, छान झालं, बसवा. ती म्हणायची, अजून पाऊस कुठे पडलाय? मग वाटीत पाणी, त्यात काळ्या रंगाचा एक थेंब, आणि मऊ ब्रश. छपरापासून खाली, नेहमी वरून खाली. मी एकदा मदत म्हणून आडवा ब्रश फिरवला, तर माझ्या हातावर चापट बसली. ‘पाणी कधी आडवं गेलंय का? तुझ्या लिफ्टसारखं वर-खाली जातं ते, त्यातही वर नाहीच.’ पन्हळीच्या टोकाखाली काळा ओघळ, खिडकीच्या कोपऱ्यात थोडा गंज, धुराड्यालगतची भिंत जराशी काजळलेली. आणि मग ते घर बघता बघता जुनं व्हायचं. एका दुपारी त्याच्यावरून कितीतरी पावसाळे जायचे. मी शेजारी बसून तारा सोलत असायचो, खालून पाव भाजल्याचा वास यायचा, पायाखालची फरशी कोमट असायची, आणि मला खरंच वाटायचं की आपणही इथे फार जुने आहोत.

रस्त्याने तिच्याबरोबर चालायची सोय नव्हती. कुणाच्याही भिंतीसमोर थांबायची. एकदा एका मोठ्या बंगल्यासमोर इतका वेळ थांबली की पहारेकऱ्याने हटकलं, ‘बाई, काय हवंय?’ ताई म्हणाली, ‘काही नको हो. तुमच्या भिंतीला ओल किती सुरेख आलीय.’ पहारेकरी आत गेला आणि मालकालाच घेऊन आला. मालकांचा समज असा झाला की ही भिंती दुरुस्त करणारी बाई आहे आणि खोचक बोलतेय. मी मध्ये पडलो, माफी मागितली. तोवर ताईने त्या ओलीचा रंग मनात टिपून घेतला होता. आपल्या शाळेच्या मागच्या भिंतीवर ती ओल आहे. जाताना जरूर बघा.

चुकाही झाल्या. तिच्या हातून चुका होत नाहीत असं मी म्हणालो तर ती इथेच मला कान धरून बसवेल. स्टेशनकडे जाणारा खडीचा रस्ता तिने पहिल्यांदा पावाच्या चुऱ्याचा केला होता. काकांच्या बेकरीत शिळ्या पावाला तोटा नाही. चुरा वाळवला, चाळला, रंगवला, अंथरला. दिसायला इतका हुबेहूब की मलाही पायाखाली करकर ऐकू यायला लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघतो तर रस्त्यावर मुंग्यांची रांग. आपल्या गावाच्या मापात एकेक मुंगी कुत्र्याएवढी! स्टेशनातून निघून, शाळेला वळसा घालून, शिस्तीत चालल्या होत्या. रस्ता खाऊन टाकला त्यांनी. मी औषध आणायला धावलो, तर ताई म्हणाली, ‘थांब रे, गावात पहिल्यांदाच कुणीतरी चालतंय.’

कारण आपल्या गावात माणसं नाहीत. हे तुमच्या लक्षात आलं होतं का? पुष्कळांच्या येत नाही. दोरीवर चादरी वाळताहेत, आणि साऱ्या गावाच्या चादरी एकाच बाजूला फुगल्यात, कारण वारा एकच आहे. गोदामाला शिडी टेकवलेली आहे. शाळेच्या पायरीवर एक छत्री राहिलीय. स्टेशनमास्तरांच्या खोलीत खुर्ची जरा मागे सरकवलेली आहे, म्हणजे मास्तर आत्ताच उठून गेले. सगळीकडे माणूस आहे, आणि कुठेच नाही. एका सभासदाने हौसेने रंगीत माणसांची पेटी आणून दिली होती. त्यात एकजण हात वर करून उभा होता, गाडीतल्या कुणाला तरी निरोप देणारा. ताईने पेटी बंद केली आणि परत दिली. म्हणाली, ‘गाडी निघून जाईल आणि याचा हात तसाच वर राहील. मला नाही बघवणार.’

तेव्हा आम्ही हसलो होतो. घरी जाताना मी तिला विचारलं, तर तिने सांगितलं. आमच्या आईला दवाखान्यात नेलं ते गाडीने. ताईने फाटकाजवळ उभं राहून हात केला होता. आई परत आली नाही.

क्षमा करा. वीज आली.

आमचे वडील रेल्वेत फाटकवाले होते. गाव मागे राहिलं, की रस्ता रूळ ओलांडायचा तिथे फाटक, आणि फाटकाला लागून आमचं घर. गाडी यायची झाली की वडील फाटक लावायचे आणि हिरवा झेंडा घेऊन उभे राहायचे. ताई त्यांच्याबरोबर फाटकाचं चाक फिरवायची, असं ती सांगते. आई गेली तेव्हा मी रांगतही नव्हतो. पुढे वडिलांनी बदली मागून घेतली, ताईच्या कडेवर बसून मी ते घर सोडलं, आणि नंतर तिथे पूल झाला. फाटक गेलं, घर गेलं, जागाही ओळखू येत नाही. एक फोटो नाही. मला ते घर आठवत नाही. मला आई आठवत नाही. मला फक्त ताईची कड आठवते, आणि ती तेव्हा काही फार मोठी नव्हती, स्वतःच शाळेत जाणारी पोर होती. आता सांगा, एखाद्या माणसाला आपलं घर हवंसं वाटलं, तर त्याने कुठे जावं?

मी मंडळात आलो. आणि एक दिवस ताईला म्हणालो, ‘सगळ्या जगाची घरं बांधतेस, आपलं का नाही बांधत?’

बरेच दिवस ती दुसऱ्यांच्याच घरांना पावसाळे दाखवत राहिली. मग बांधायला घेतलं. मी रूळवाला माणूस, माझं पहिलं वाक्य, ‘माप सांग.’ खिडकी किती उंच? ती म्हणाली, ‘हनुवटीपर्यंत.’ अगं, फूट किती? ‘फुटाचं मला काय माहीत? हनुवटीपर्यंत. बाहेर बघायचं तर मान वर करावी लागायची.’ आणि दाराची कडी? ‘टाचा उंचावल्या तरी थोडक्यात राहायची.’ अंगण? ‘आईने हाक मारली की धावत यायला दम लागायचा एवढं.’ अशी सगळी मापं. मी डोक्याला हात लावला. पण ती न अडखळता कापत गेली, घासत गेली. छपराचे पत्रे तिने चांदीचा कागद कंगव्यावर दाबून केले. उंबऱ्याला मध्ये झीज दिली. स्वयंपाकघराच्या खिडकीवर पिवळसर धूर. आतल्या भिंतीला बाहेरून न दिसणारा एक खिळा आहे, त्याला आईची पिशवी असायची म्हणे. ‘कुणाला दिसणार तो?’ मी विचारलं. ‘तुला,’ ती म्हणाली.

आता आमच्या मंडळाची एक पद्धत आहे, ती नव्या मंडळींना सांगायला हवी. या खोलीच्या भिंतीवर एका खिळ्याला दोरीने एक पुठ्ठ्याचा माणूस टांगलेला असतो, बोटाच्या पेराएवढा. त्याला आम्ही ‘मापाचा माणूस’ म्हणतो. तोही ताईनेच कापलेला. कुठलंही नवीन घर टेबलावर जायच्या आधी त्या माणसाला दारात उभं करायचं. डोकं चौकटीखाली नीट बसलं, कडी हाताशी आली, की घर पास. मग माणूस परत खिळ्यावर. हा माणूस कुणाच्या बापाचं ऐकत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. माझी सिग्नलची केबिन त्याने दोनदा नापास केली.

मग तो आमच्या घराच्या दारात उभा केला. चौकटीत तो हरवूनच गेला. कडी त्याच्या डोक्याच्या वर. खिडकीतून बघायला त्याला मान वर करावी लागली असती. अध्यक्ष महाशयांनी पट्टी लावली, इकडून लावली, तिकडून लावली, आणि जड मनाने म्हणाले, ‘ताई, घर अप्रतिम आहे. पण हे माणसांचं घर नाही.’ त्यांचं चुकलं नाही. नियम म्हणजे नियम. एकाला सोडलं तर उद्या कुणी हत्तीएवढं कोंबडं आणून ठेवेल.

ताईने माणूस परत खिळ्यावर टांगला. तिने घरावर जुनी चादर घातली आणि ते टेबलाखाली सरकवलं. मला म्हणाली, ‘आठवणीतलं होतं रे. थोडं फुगलं असेल.’ तिचं एकुलतं एक नापास झालेलं घर. दुसरं बांध म्हणालो, तर म्हणाली, ‘दुसरं मला येत नाही. हेच आहे.’

पुढे बरीच वर्षं ते टेबलाखाली होतं. एका दुपारी पुढच्या काठाची तार तुटली म्हणून मी बुटक्या स्टुलावर बसून काम करत होतो. हाताला अडचण नको म्हणून टेबलाखालचं सामान वर काढलं आणि ते घर काठावर ठेवलं. चादर काढली, का काढली सांगता येत नाही. आणि वर बघितलं.

मंडळी, त्या दिवशी मला जे दिसलं ते मी अजून कुणाला नीट सांगू शकलेलो नाही. माझे डोळे अंगणाच्या उंचीवर होते. समोर ते थोराड घर, आणि त्याच्या पलीकडे सगळं गाव एकाएकी लांब गेलं. स्टेशन लांब, शाळा त्याहून लांब, डोंगर तर दुसऱ्या मुलखात. हातभर टेबलावर मैलच्या मैल पसरले. खालून भट्टीची ऊब येत होती, खिडकीतलं ऊन उतरत होतं, आणि माझी एक गाडी पलीकडे हळूहळू चालली होती. ती घराकडे यायला किती वेळ लागेल, असं मला वाटलं. मी साठी ओलांडलेला माणूस, आणि मी आमच्या अंगणात बसून गाडीची वाट बघत होतो. तार सोलायची राहिली. किती वेळ गेला, कुणास ठाऊक. काका वर चहा घेऊन आले तेव्हा मी भानावर आलो. काका, तुम्ही विचारलंत, ‘झोप लागली का?’ आणि मी हो म्हणालो. लागली नव्हती.

पुढच्या सभेत मी रूळवाल्याच्या चातुर्याने ठराव मांडला. जवळची वस्तू मोठी दिसते, हा निसर्गनियम आहे. सबब पुढच्या काठावरचं घर मोठं असणं हेच मापाला धरून आहे. अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, घातला, आणि ठराव मान्य केला. साहेब, आज सांगतो, तुम्हाला ती पळवाट आहे हे कळलं होतं हे मलाही कळलं होतं. आभारी आहे. तेव्हापासून ते घर तिथे आहे, फाटकाशेजारी; फाटक लावायचं छोटं चाक मी टेबलाच्या काठालाच बसवलंय. मोठी माणसं तिथे वाकून बघतात. लहान मुलांना वाकावं लागत नाही.

आणि आता ताई चालली. भाच्याने साधेपणाने विचारलं, ‘मामा, आईचं ते घर गाडीत मावेल ना? तिला तिकडे करमेल.’ बरोबर आहे त्याचं. घर तिने बांधलं, आठवण तिची, हात तिचे. डोळ्यांना दिसलं नाही तरी तिच्या बोटांना दिसेल. मी कोण अडवणार? पण खरं सांगू? माझ्याजवळ आईचं आणि त्या घराचं जेवढं आहे, ते सगळं त्या काठावर आहे. आणि ज्या एका माणसाला ते खरं आठवतं, तोही माणूस चाललाय. मी कुणाला काही बोललो नाही. एक लाकडी खोका केला, झाडं करून उरलेला स्पंज आतून लावला, झाकणाला कडी बसवली. हातचं काही न राखता द्यायचं ठरवलं.

काल दुपारी ताई म्हणाली, ‘गावाचा निरोप घेऊन येते. तुम्ही खाली थांबा.’ आम्ही बेकरीत चहा पीत बसलो. बऱ्याच वेळाने ती कठड्याला धरून खाली आली. बोटांना पांढरं काहीतरी लागलं होतं, ते तिने रुमालाला पुसलं. मी विचारलं नाही.

आज सकाळी सभागृह लावायच्या आधी मी खोका घेऊन वर आलो. घराला दोन्ही हात लावले आणि उचललं.

उचललं गेलं नाही.

आता ताईचा सगळ्यात कडक नियम तुम्हाला ठाऊक आहे. या गावात कुठलंही घर चिकटवायचं नाही. धूळ पुसायला, डागडुजीला, प्रत्येक घर अलगद उचलता आलं पाहिजे. एकाने गोदाम चिकटवलं होतं, त्याला तिने महिनाभर बोल लावले होते. आणि हे घर चारही बाजूंनी टेबलाला पक्कं चिकटवलेलं. गोंद कडेने ओघळलेला. माझ्या बहिणीच्या हातून गोंद कधी ओघळला नव्हता.

मी खाली वाकलो. आणि दारात कुणीतरी होतं.

पुठ्ठ्याची मुलगी आहे. कडा वेड्यावाकड्या कापल्या गेल्यात, बोटांनी चाचपून कापल्यासारख्या. उंबऱ्यावर उभी आहे. हात वर नाहीत तिचे. दोन्ही हातांनी तिने कडेवर एक मूल धरलंय.

मला काय वाटलं ते मी सांगणार नव्हतो, पण सांगतो. मी त्या स्टुलावर बसून रडलो. मग रडून झाल्यावर, सवय जात नाही, मी खिळ्यावरून मापाचा माणूस काढला आणि मुलीशेजारी धरला. दोघं बरोबर एका उंचीचे. माणूस चौकटीत हरवतो, आणि तेवढीच मुलगी तिथे शोभते. कारण शाळेत जाणाऱ्या पोरीला दार तेवढंच उंच असतं. खिडकी हनुवटीला. कडी, टाचा उंचावल्या तरी, थोडक्यात राहिलेली. अध्यक्ष महाशय, तपासून बघा, पट्टी लावा. घर कधीच फुगलं नव्हतं. त्यात राहणारं माणूस कोण होतं, हे आपण विचारलं नाही. तेव्हा त्या घरापुरता मापाचा माणूस बदलावा, असा माझा ठराव आहे. साहेब मान हलवताहेत. आडवी की उभी, ते इथून नीट कळत नाही. उभी आहे! ठराव मंजूर.

ताई, तू कडेने बघतेस हे मला माहीत आहे. दुसरीकडेच बघतेयस, म्हणजे माझ्याकडेच बघतेयस. तू घर मला ठेवून चाललीस, एका शब्दाने न विचारता. मी एका शब्दाने न विचारता तुला द्यायला निघालो होतो. आपल्या घरात कुणी कधी कुणाला विचारलंय? माझा खोका रिकामा राहिला. तो मी तुला रिकामा देणार नाही. त्यात मापाचा माणूस ठेवलाय. एवढ्या खोक्यात एवढासा माणूस, प्रवासात पाय पसरून झोपेल. मंडळाला दुसरा कापून घेता येईल. हा तू ने. भाच्याच्या घरी गेलीस की त्याला दाराशी उभा कर. डोकं ताठ ठेवून आत जाता आलं तर उत्तम. पण वाकावं लागतंय असं तुझ्या बोटांना जरा जरी वाटलं, तर मला कळव. मी दुसऱ्या दिवशी न्यायला येईन. भाच्या, हसू नकोस, मी खरंच येईन.

अध्यक्ष महाशयांनी मला आवरलं नाही, त्याबद्दल त्यांचे आभार. काकांनी आज भट्टी उशिरा पेटवली, म्हणजे सभेत कुणाला घाम येऊ नये, त्याबद्दल त्यांचे आभार. खुर्च्या लावणाऱ्या, चहा करणाऱ्या, आणि डोंगराला न टेकणाऱ्या सगळ्यांचे आभार. बोलण्याच्या ओघात कुणाला मान द्यायचा राहिला असेल, कुणाची थट्टा जास्त झाली असेल, कुठे पाल्हाळ लागला असेल, तर ते मोठ्या माणसाच्या मापाने मोजू नका. कडेवरच्या पोराने केलेली बडबड समजून पोटात घाला.

आता खाली बसायच्या आधी एक गाडी सोडतो. दिवे जरा मंद करा. ही निघाली. स्टेशन सुटलं. शाळा मागे पडली. अजून लांब आहे, बराच वेळ आहे. भाच्या, आईला हात धरून इथे पुढच्या काठावर आण. सांभाळून, पायरी आहे. हं, हा तुझा हात, ताई, आणि हे फाटकाचं चाक.

गाडी आली. फाटक तू लाव.